लेथचा चक उतरवणे, चढवणे आणि वापरणे : लहान वर्कशॉपसाठी सविस्तर मार्गदर्शन

मुंबईतील साकीनाका, कुर्ला किंवा भांडुपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधील साधारण गाळ्यात लेथ मशीन भिंतीला जवळजवळ चिकटून उभे असते, समोर जेमतेम एका माणसाला वावरता येईल एवढी जागा असते आणि डोक्यावर क्रेन नसते. अशा ठिकाणी तीन जॉचा चक (तीन जबड्यांनी जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, पकडणारे साधन) उतरवून चार जॉचा चढवायचा म्हटले की सगळे काम हातावर येते. २०० मि.मी. व्यासाचा तीन जॉचा चक साधारण १५ ते १८ किलो भरतो, २५० मि.मी.चा ३० किलोच्या आसपास जातो आणि ३१५ मि.मी.चा ५० किलोच्या घरात असतो. पंधरा किलोची गोणी जमिनीवरून उचलणे वेगळे आणि बेडवर ओणवे होऊन, हात लांब करून, तेलकट गोल लोखंड अंगापासून दूर पेलणे वेगळे. म्हणून पुढील सर्व पायऱ्यांमागे एकच नियम आहे: चक स्पिंडलवरून (मशीनच्या फिरणाऱ्या दांड्यावरून) सुटण्याआधी त्याचे वजन दुसऱ्या कशावर तरी टेकलेले असले पाहिजे, आणि त्यासाठी माणसाच्या हातांवर विसंबू नये.

आधी स्पिंडल नोज ओळखावे

चक कसा निघतो हे चकवर नव्हे, तर स्पिंडल नोजवर, म्हणजे चक बसतो त्या स्पिंडलच्या टोकावर, अवलंबून असते. त्यामुळे पाना हातात घेण्यापूर्वी हेडस्टॉक (स्पिंडल धरणारा मशीनचा डावीकडचा भाग) आणि चक यांच्यामधील फटीत टॉर्च मारून नीट पाहावे. नोजच्या परिघावर चौकोनी भोके आणि प्रत्येक भोकाशेजारी खुणेची रेघ दिसली, तर ते कॅमलॉक आहे. फ्लँजच्या मागे नट असतील आणि त्यांच्यामागे थोडीशी फिरणारी कडी असेल, तर ती बायोनेट पद्धत होय. खाचा असलेला एक मोठा गोल नट दिसला, तर लांब टेपर (निमुळता भाग) आणि चावीघाट असलेले नोज समजावे. यांपैकी काहीच दिसले नाही, तर बहुधा ते आट्यांचे नोज असते. पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या मशीनवर प्रामुख्याने हेच आढळते.

येथे एक गफलत वारंवार होते. आट्यांच्या नोजवरील चकच्या दर्शनी बाजूसही अनेकदा तीन किंवा चार बोल्ट असतात, पण ते चकला त्याच्या बॅक प्लेटशी (चकमागची, स्पिंडलवर बसणारी चकती) जोडणारे असतात. ते सोडल्यास चकचे अंग हातात येते आणि बॅक प्लेट स्पिंडलवर तशीच राहते. याउलट बोल्टने बसणाऱ्या आखूड टेपरच्या नोजवर समोरून दिसणारे बोल्ट हेच चकचे खरे धारण असते. कोणता बोल्ट कशाला धरून आहे याची खात्री होईपर्यंत एकही बोल्ट ढिला करू नये.

तयारी

मेन स्विच बंद करावा. इमर्जन्सी स्टॉपचे लाल बटण दाबणे म्हणजे वीज तोडणे नव्हे. त्याने बहुतेक मशीनमध्ये केवळ कंट्रोल सर्किट खंडित होते. एकाच बोर्डावर तीन-चार मशीन असतील, तर आपल्या मशीनचा स्विच कोणता ते बंद करून आणि स्टार्टचे बटण एकदा दाबून पडताळावे, मग स्विचला कुलूप किंवा निदान ठळक पाटी लावावी. ज्या जुन्या मशीनचा स्टार्टर वीज गेल्यावर आपोआप सुटत नाही, तिथे ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण गेलेली वीज परत येताच असे मशीन कोणी हात न लावता सुरू होते.

त्यानंतर जॉब काढून घ्यावा, टूलपोस्टमधील टूल काढावे, कारण चक ओढताना कोपर नेमके तिथेच जाते, आणि कॅरेज (टूल पुढेमागे नेणारा भाग) व टेलस्टॉक (जॉबला दुसऱ्या टोकाने आधार देणारा भाग) उजवीकडे सरकवावेत. बेडवरील चिप्स हाताने नव्हे, ब्रशने व आकडीने साफ कराव्यात. जमिनीवर कूलंट किंवा तेल सांडले असेल तर आधी ते पुसावे. पावसाळ्यात गाळ्याच्या दारातून आलेले पाणी तेलात मिसळले की लादीवर पाय ठरत नाही.

आता फळी. बेडवर नुसती सपाट फळी टाकणे हा किमान उपाय आहे. त्याने बेड वाचतो, बोटे वाचतीलच असे नाही. खरे उपयोगी पडते ते लाकडी बैठक. जाड प्लायवुड किंवा सागवानी तुकड्यांची बैठक करून तिच्या माथ्यावर चकच्या गोलाईला बसेल असा खोलगट किंवा व्ही आकाराचा काप घ्यावा आणि खाली बेडच्या दोन वेंमध्ये (कॅरेज सरकते त्या रुळांमध्ये) अडकेल अशी पट्टी ठोकावी, म्हणजे ती आडवी सरकत नाही. उंचीचा हिशेब सोपा आहे: बेडपासून सेंटरची उंची १८० मि.मी. असेल आणि चक २०० मि.मी.चा असेल, तर चकचा तळ बेडपासून ८० मि.मी. वर राहतो. बैठक कापाच्या तळाशी ७५ मि.मी. उंच ठेवून उरलेली फट पातळ पट्ट्यांनी भरावी, जेणेकरून सुटलेला चक खाली न पडता जागच्या जागी टेकेल. गॅप बेडच्या मशीनवर गॅपमधला तुकडा काढलेला असेल, तर बैठकीखाली भक्कम आधार मिळतो की नाही हे आधी पाहावे. प्रत्येक चकसाठी वेगळी बैठक करून तिच्यावर रंगाने चकचे माप लिहून ठेवल्यास ऐन वेळी शोधाशोध होत नाही.

बैठकीला पूरक म्हणून एक गोल बारही वापरता येतो. स्पिंडलच्या भोकापेक्षा थोड्या कमी व्यासाचा बार निम्मा स्पिंडलमध्ये राहील अशा रीतीने चकमध्ये पकडावा. चक नोजवरून निसटला तरी बारमुळे तो एकदम खाली कोसळत नाही, आणि चढवताना हाच बार त्याला रेषेत आणतो. ३० किलोच्या पुढील चकसाठी मात्र दोन माणसे किंवा गर्डरला टांगलेला चेन पुली ब्लॉक हवाच. पट्टा चकच्या अंगाभोवती घालावा; फक्त जॉला पट्टा बांधून चक उचलू नये.

आट्यांचा चक उतरवताना

उजव्या आट्यांचा चक टेलस्टॉकच्या बाजूने पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवल्यावर सुटतो. म्हणजेच स्पिंडल स्थिर धरून आपल्याकडील जॉ खाली ढकलावा लागतो. अडचण असते ती स्पिंडल स्थिर धरण्याची. अनेक ठिकाणी बुल गिअरची (स्पिंडलवरच्या मोठ्या गिअरची) पिन आत ठेवूनच बॅक गिअरही (स्पिंडलचा वेग कमी करणारे गिअर) गुंतवतात, त्यामुळे स्पिंडल जाम होतो, आणि मग चकमध्ये बार अडकवून त्यावर घण घालतात. स्पिंडल असा जाम करण्यास हरकत नाही, परंतु घणाचा प्रत्येक दणका बिडाच्या गिअरच्या एक-दोन दातांवर येतो आणि असा तुटलेला दात नंतर वेल्डिंग करून घासत बसावे लागते. या पद्धतीत फक्त सावकाश, वाढता जोर द्यावा.

त्याहून चांगली पद्धत अशी. पिन बाहेर काढून बॅक गिअर नेहमीप्रमाणे लावावा, मागच्या वेवर कठीण लाकडाचा ठोकळा असा उभा करावा की एक जॉ जवळजवळ आडवा असताना त्यावर टेकेल, आणि मग मशीनचा पट्टा हाताने उलट दिशेने ओढावा. बॅक गिअरमुळे हाताचा जोर कित्येक पटींनी वाढतो, जॉ ठोकळ्यावर अडतो आणि चकची पकड सुटते. पहिला झटका सुटला की ठोकळा काढावा, बैठक आत सरकवावी आणि उरलेले आटे चक हाताने फिरवत मोकळे करावेत. हेच काम मोटर उलटी सुरू करून करण्याचा मोह टाळावा. चक सुटला की तो फिरत्या अवस्थेतच नोजवरून बाहेर येतो आणि तेव्हा त्याला कोणी धरू शकत नाही. चकच्या चावीवर हातोडी मारून चक सोडवणेही चुकीचे आहे, कारण त्या माराने आतले पिनियन (चावीने फिरणारा छोटा गिअर) आणि त्याची बैठक खराब होते.

चक अडकून बसला असेल, तर बॅक प्लेट व नोज यांच्या सांध्यात आत शिरणारे पातळ तेल सोडून रात्रभर राहू द्यावे. तरीही न सुटल्यास बैठकीचा आधार देऊन चकला बॅक प्लेटशी जोडणारे, आधी उल्लेखिलेले बोल्ट काढावेत आणि चकचे अंग वेगळे करावे. वजन बाजूला झाल्यावर केवळ बॅक प्लेटशी झुंजणे सोपे असते: तिच्या भोकांत दोन बोल्ट घालून त्यांच्यामध्ये लांब पट्टी अडकवता येते, आणि गरज पडल्यास फक्त बॅक प्लेटच सौम्य उष्णता देऊन प्रसरण पाववता येते. अर्थात उष्णता देण्यापूर्वी आजूबाजूचे तेल, चिंध्या आणि वेस्ट दूर करावे.

कॅमलॉक आणि इतर प्रकार

कॅमलॉकच्या तीन व चार क्रमांकांच्या नोजवर तीन स्टड असतात, तर पाच, सहा आणि आठ क्रमांकांवर सहा. चक कधीही त्याच जागी परत बसावा म्हणून उतरवण्यापूर्वीच नोजवर आणि चकच्या पाठीवर समोरासमोर एक खूण करावी. बैठक चकखाली नीट टेकवल्यावर खालचे कॅम आधी सोडावेत व वरचा शेवटी ठेवावा. प्रत्येक कॅम घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून त्याची रेघ नोजवरील सुटण्याच्या खुणेसमोर आणावी. ती किंचित जरी मागेपुढे राहिली तरी स्टड अडकतो आणि माणूस चक ओढत राहतो. सर्व कॅम मोकळे झाल्यावरही चक बहुधा निघत नाही, कारण तो टेपरवर धरलेला असतो. अशा वेळी तांब्याच्या, शिशाच्या किंवा नायलॉनच्या हातोडीने चकच्या कडेवर आळीपाळीने समोरासमोर ठोकावे. पोलादी हातोडी वापरल्यास कठीण केलेल्या भागाचा कपचा उडून डोळ्यात जाऊ शकतो. ठोकताना दुसरा हात चक आणि बेड यांच्यामध्ये नसावा. या कामात बोटे तिथेच सापडतात.

बोल्टने बसणाऱ्या आखूड टेपरवर हाच क्रम पाळावा आणि सर्वांत वरचा बोल्ट दोन-तीन आट्यांवर ढिला ठेवून मगच चक टेपरवरून सोडवावा. बायोनेटमध्ये नट पूर्ण काढायचे नसतात. ते ढिले करून मागची कडी फिरवली की नट मोठ्या भोकांतून बाहेर येतात. लांब टेपरचा गोल नट हूक स्पॅनरने फिरवताना प्रथम ढिला होतो आणि मग पुन्हा घट्ट लागतो. दुसऱ्या वेळचा तो विरोध म्हणजे नट चकला टेपरवरून ढकलत असल्याची खूण असते, तेव्हा त्याच दिशेने जोर देत राहावे.

चढवताना स्वच्छता हीच अचूकता

चक तिरका फिरण्याचे कारण बहुतेक वेळा चकमध्ये नसून टेपरवर अडकलेल्या एखाद्या केसाएवढ्या चिपेत असते. नोज व चकची पाठ चिंधीने पुसून झाल्यावर स्वच्छ बोट टेपरवर गोल फिरवावे. डोळ्याला न दिसणारा कण बोटाला टोचतो. मशीनची वीज बंद असतानाच हे करायचे, हे वेगळे सांगायला नको. आट्यांमधील घाण टोकदार तारेने काढावी, मग तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. खूप तेल लावल्यास त्याला चिप्स चिकटतात आणि मूळ हेतूच फसतो. हवेच्या नळीने फुंकर मारून साफ करण्याची सवय मोडावी. तिने कण चकच्या स्क्रोलमध्ये (तिन्ही जॉ एकत्र सरकवणाऱ्या आतल्या सर्पिल खाचेच्या चकतीत) आणि स्पिंडलच्या बेअरिंगकडे जातात.

आट्यांचा चक हातानेच फिरवत चढवावा आणि शेवटच्या खांद्याला तो हलकेच टेकला पाहिजे. मोटरवर चढवलेला चक खांद्यावर आदळतो आणि पुढच्या वेळी सुटत नाही.

कॅमलॉकमध्ये खुणा जुळवून चक आत ढकलावा, सर्व कॅम आधी हलके आणि मग समोरासमोरच्या क्रमाने पूर्ण आवळावेत. आवळल्यानंतर प्रत्येक कॅमची रेघ सुटण्याच्या खुणेपासून ९० ते १८० अंशांच्या दरम्यान थांबली पाहिजे. नोजवर त्यासाठी दोन खुणा कोरलेल्या असतात. रेघ १८० अंशांच्या पुढे जात असेल, तर स्टड गरजेपेक्षा बाहेर आहे आणि तो एक पूर्ण फेरा आत घ्यावा लागेल. ९० अंशांच्या आधीच कॅम अडत असेल, तर एक फेरा बाहेर. स्टडशेजारचा छोटा लॉक स्क्रू परत बसवायला विसरू नये. शेवटी चकची पाठ आणि नोजचा चेहरा यांच्यामध्ये ०.०३ मि.मी.चे फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पाहावे. ते कुठेही शिरता कामा नये.

चकमध्ये जॉब धरताना

तीन जॉच्या चकमधील जॉवर १, २, ३ असे क्रमांक असतात आणि खाचांवरही. स्क्रोलचे सुरुवातीचे टोक पहिल्या खाचेत दिसू लागले की पहिला जॉ ढकलावा, मग त्याच क्रमाने दुसरा व तिसरा. तिन्ही मध्यावर एकाच वेळी भेटले तरच क्रम बरोबर. जॉ चकच्या अंगाबाहेर फार निघाले, तर स्क्रोलचे थोडेच दात त्यांना धरून असतात. जॉचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग बाहेर येत असेल, तर उलटे जॉ लावावेत किंवा मोठा चक घ्यावा. जॉब जॉच्या टोकावर नव्हे, शक्यतो जॉच्या पूर्ण लांबीत धरावा, आणि तो व्यासाच्या तिप्पट किंवा अधिक बाहेर राहत असेल तर टेलस्टॉकचा आधार द्यावा. पातळ पाइप साध्या जॉमध्ये आवळला की त्रिकोणी होतो. त्याला मऊ जॉ (जॉबच्या मापाला कापता येणारे) बोअर करून वापरावेत.

चावीला पाइप लावून जोर वाढवणे पूर्णपणे टाळावे. हाताने आवळून जॉब निसटत असेल, तर दोष जोराचा नसून झिजलेल्या जॉचा, चुकीच्या जॉचा किंवा जास्त कटचा असतो. चावी चकमध्ये असताना हात तिच्यावरच असावा, हात सोडला की चावी बाहेर. स्प्रिंगमुळे आपोआप बाहेर येणारी चावी काही कारागिरांना त्रासदायक वाटते, पण लहान गाळ्यात जिथे एकाच मशीनवर दिवसभरात तीन जण हात फिरवतात, तिथे तीच ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे.

चार जॉच्या चकमध्ये जॉब मध्यावर आणताना डायल इंडिकेटर (सूक्ष्म फरक सुईने दाखवणारे मापक) समोरासमोरच्या दोन जॉवर आळीपाळीने वाचावा. एका जॉसमोर डायल ०.६० आणि विरुद्ध जॉसमोर ०.२० दाखवत असेल, तर फरक ०.४० असतो, पण जॉब सरकवायचा तो त्याच्या निम्मा, म्हणजे ०.२० मि.मी. कमी वाचनाच्या बाजूचा जॉ किंचित ढिला करून जास्त वाचनाच्या बाजूचा तेवढाच आवळावा. एक जोडी साधल्यावर दुसरी जोडी घ्यावी आणि शेवटी चारही जॉ समान घट्ट आहेत याची खात्री करावी. डायल शून्यावर आणण्याच्या नादात एखादा जॉ ढिला राहून जातो.

सुरू करण्यापूर्वी व चालू असताना

चक हाताने पूर्ण एक फेरा फिरवून जॉ, टूलपोस्ट आणि कॅरेज कुठे भिडत नाहीत ना ते पाहावे. मग चकच्या समोरील रेषेतून बाजूला उभे राहून कमी वेगावर मशीन सुरू करावे. चकवर कोरलेला कमाल वेग हा वरचा बांध असतो. विषम आकाराचा जॉब असेल तर त्याच्या बराच खाली राहावे. वेग दुप्पट केला की जॉला बाहेर ओढणारे बळ चौपट होते आणि तेवढी पकड कमी होते. जुन्या चकवर वेग कोरलेला नसेल, तर तो केवळ कमी वेगाच्या कामाला ठेवावा. हेडस्टॉकच्या मागे बाहेर निघणारा लांब, सडपातळ बार वेगात वाकून फटकारे मारू लागतो. तो कापून आत घ्यावा किंवा मागे नळीचा आधार द्यावा.

हातमोजे, सैल बाह्या, गळ्यातील ओळखपत्राची दोरी, मनगटावरचा गंडा किंवा कडे, कानातील वायर यांपैकी काहीही फिरत्या चकजवळ असू नये. चक थांबवण्यासाठी त्यावर हात टेकू नये आणि पॉलिश पेपर जॉबभोवती गुंडाळून धरू नये. तो पट्टीवर किंवा फाइलवर लावून वापरावा.

आट्यांच्या चकवर उलट फिरवून कट घेणे आणि एकदम ब्रेक लावणे दोन्ही धोक्याचे, कारण दोन्हींत चक आट्यांवरून सुटू पाहतो. याच संदर्भात फारसा न बोलला जाणारा एक धोका असा: मीटर बदलला, बोर्डाची दुरुस्ती झाली किंवा मशीन गाळ्यात दुसरीकडे हलवले की थ्री-फेजच्या दोन वायरींची अदलाबदल होऊन मोटर उलटी फिरू शकते. विजेचे कोणतेही काम झाल्यानंतर चक उतरवून, रिकाम्या स्पिंडलची दिशा पाहून मगच तो पुन्हा चढवावा.

ठेवणे आणि विकत घेणे

मुंबईच्या दमट हवेत जून ते सप्टेंबरमध्ये उघडा टेपर काही दिवसांतच तांबूस होतो. उतरवलेला चक तेलाचा हात देऊन, तोंड झाकून, जमिनीलगत किंवा कमरेच्या उंचीच्या भक्कम रॅकवर ठेवावा. जागा वाचवण्यासाठी तो पोटमाळ्यावर चढवणे म्हणजे प्रत्येक वेळी शिडीवर ३० किलो पेलणे. स्पिंडलचे उघडे नोजही तसेच सोडू नये. त्यावर प्लास्टिकचे किंवा लाकडी टोपण बसवावे.

नागदेवीच्या दुकानांतून नवा चक घेताना नोजचा प्रकार व क्रमांक लिहून न्यावा. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुना घेत असाल तर सोबत डायल, मायक्रोमीटर आणि एक सरळ ग्राइंड केलेला बार न्यावा. बार पकडून जॉची तोंडे भोंग्यासारखी उघडी झाली आहेत का ते पाहावे, चावी फिरवून स्क्रोल कुठे अडते का ते अनुभवावे, आणि बोल्टच्या भोकांभोवती व चौकोनी भोकांच्या कोपऱ्यांत तडे शोधावेत. आट्यांच्या बॅक प्लेटचे माप आणि पिच आपल्या स्पिंडलशी जुळत असले, तरी ती सैल बसून डुलत असेल आणि खांद्यावर पूर्ण टेकत नसेल, तर ती घेऊ नये; अशा प्लेटवर आट्यांनी चक धरला जातो, पण मध्यावर येत नाही.